थ्रीडी प्रिंटरचा हीटर आणि त्याचा पहारेकरी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून आजवर ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीवर, शिंदेशाहीच्या इतिहासावर, मधुमेहावर वगैरे मोठमोठ्या जाणकारांची भाषणे झाली. मी डिप्लोमावाला सरकारी नोकर. एका शासकीय संस्थेच्या प्रयोगशाळेत यंत्रे सांभाळणे हे माझे काम. भाषणाचा सराव नाही, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या.

मी आज इथे उभा आहे तो एका प्रश्नामुळे. समोर बाप्पांच्या मागे जी प्रभावळ दिसते आहे, तिचे चोवीस तुकडे आपल्या युवा शाखेच्या मुलांनी थ्रीडी प्रिंटरवर छापले. फार सुंदर झाली आहे. पण काम उरकत नव्हते. एका तुकड्याला सहा-सात तास लागायचे. तेव्हा मुले माझ्याकडे सभागृहाची किल्ली मागायला आली. म्हणाली, रात्री मशीन लावून जातो, सकाळी तुकडा काढून घेतो. मी किल्ली दिली नाही. मुले रागावली. त्यातल्या एकाने विचारले, "काका, फर्मवेअरमध्ये सेफ्टी असते ना? हीटर बिघडला तर मशीन आपोआप बंद होते. मग भीती कशाची?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून सचिवांना म्हटले, मला अर्धा तास द्या.

ज्यांनी हे मशीन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोऱ्यातून चकली पडते तसा हा प्रकार आहे. प्लास्टिकची तार वरून आत ढकलली जाते, खाली एका बारीक तोटीतून वितळून पडते, आणि थरावर थर चढत वस्तू तयार होते. तोटीच्या वर धातूचा एक ठोकळा असतो, सापशिडीच्या फाशाहून जरा मोठा. त्यात दोन भोके. एका भोकात हीटर, दुसऱ्यात तापमान मोजणारा थर्मिस्टर. हीटर साधारण ४० वॅटचा. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी शक्ती, पण ती सगळी त्या इवल्याशा ठोकळ्यात कोंडलेली. पीएलए नावाचे प्लास्टिक वितळवायला २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. तो हीटर अखंड चालू राहिला तर २०० वर थांबत नाही, ३०० च्याही पुढे जातो.

त्याला थांबवतो कोण? सर्किट बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, त्यालाच फर्मवेअर म्हणतात. तो सेकंदाला अनेक वेळा थर्मिस्टरकडे पाहतो. तापमान कमी दिसले तर हीटरला वीज वाढवतो, जास्त दिसले तर कमी करतो. पुरण आटवताना आई आच कमीजास्त करते तसेच. फरक इतकाच की आईला डोळे असतात, नाक असते, करपल्याचा वास येतो. फर्मवेअरजवळ आहे तो एकच थर्मिस्टर. त्याने जे सांगितले ते त्याच्यासाठी सत्य.

आता थर्मिस्टरच खोटे बोलला तर? इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुठे सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत असे एक मशीन आले. स्वस्तातले, सुटे भाग आणून जोडायचे. मी स्वतः जोडले. त्यात मार्लिन नावाचे फर्मवेअर टाकले. या मार्लिनची थोडी माहिती देतो, कारण घरोघरी जे थ्रीडी प्रिंटर आज दिसतात त्यांचे मूळ तिथे आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप नावाचा प्रकल्प सुरू केला. स्वतःचेच भाग छापू शकेल असे यंत्र करायचे आणि त्याचे आराखडे सगळ्यांना मोफत द्यायचे, ही कल्पना. त्या परिवारातूनच २०११ मध्ये एरिक व्हान डर झाल्म यांनी मार्लिन लिहायला घेतले. पुढे जगभरच्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली. कोणीही उतरवून घ्यावे, आपल्या मशीनप्रमाणे बदलावे, असे हे खुले काम आहे. आणि कोणीही बदलावे यातच माझ्या गोष्टीची गोम आहे.

जानेवारीचा महिना होता. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला सांगायला नको. सकाळी प्रयोगशाळेत हात गारठलेले, आणि मशीन सुरू केले की दोन मिनिटांत पडद्यावर अक्षरे यायची, 'हीटिंग फेल्ड'. खाली आणखी एक ओळ, 'प्रिंटर हॉल्टेड, किल कॉल्ड'. आमचा एक सहकारी ते 'किल' वाचून दोन पावले मागे सरकला होता.

झाले काय होते, तर प्रिंटरला तोटीशिवाय आणखी एक हीटर असतो, खालच्या पाटाला. ज्यावर वस्तू उभी राहते तो पाट, त्याला बेड म्हणतात. मार्लिनचा नियम असा की बेडचा हीटर पूर्ण चालू असताना ६० सेकंदांत तापमान निदान २ अंश वाढले पाहिजे. नाही वाढले तर काहीतरी बिघडले आहे असे समजून सगळे बंद करायचे. आमचा बेड १२ व्होल्टवर चालणारा, अशक्त. खोली गारठलेली, खिडकीची काच फुटलेली. पन्नास अंशांच्या पुढे बेड चढता चढेना आणि मशीन थांबे.

विद्यार्थी ताटकळत बसलेले. मी काय केले? संगणकावर मार्लिनची फाइल उघडली. त्यात रक्षणाच्या दोन ओळी असतात, एक बेडसाठी आणि एक तोटीच्या हीटरसाठी. ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या की ती ओळ प्रोग्रामच्या हिशेबी नाहीशी होते. मी दोन्ही ओळींपुढे रेघा मारल्या. बेडची मारली असती तर निदान कारण तरी होते. तोटीची का मारली? उगाच कटकट नको म्हणून. खरे म्हणजे ६० च्या जागी ९० किंवा १२० लिहिले असते तरी भागले असते, आणि खिडकीला पुठ्ठा लावला असता तर तेवढेही करावे लागले नसते. मशीन सुरळीत चालू लागले. साहेबांनी शाबासकी दिली.

मार्चमध्ये पडद्यावरचा तापमानाचा आकडा थरथरू लागला. २००, १९६, २०१, १९५. मी पाहिले. मनात म्हटले, स्वस्तातले मशीन आहे, चालायचेच. थर्मिस्टर ठोकळ्यात धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू असतो, तो सैल होत चालला होता.

एप्रिलमध्ये एका दुपारी मशीन लावून मी डबा खायला गेलो. त्या वेळात थर्मिस्टर भोकातून निसटला.

आजारी मुलाच्या काखेत थर्मामीटर ठेवले आणि ते घसरून शर्टात पडले, तर काय दिसेल? ताप उतरला. मुलगा मात्र तापाने फणफणलेला. अगदी तसेच इथे झाले. थर्मिस्टर ठोकळ्याबाहेर लोंबकळत होता, जवळच्या गरम हवेचे तापमान सांगत होता. ते २०० पेक्षा पुष्कळ कमी. फर्मवेअर बिचारे प्रामाणिक. त्याला वाटले तोटी थंड पडते आहे, म्हणून त्याने हीटरला पूर्ण वीज दिली. आणि देतच राहिले.

आमचे शिपाई धावत आले. "साहब, आपकी मशीन बास मार रही है, धुआँ निकल रहा है." मी पोचेपर्यंत त्यांनीच भिंतीवरचे बटण बंद केले होते. तोटीच्या वरची टेफ्लॉनची नळी जळून काळी झाली होती. नॉनस्टिक तव्याला ज्याचा लेप असतो तेच हे टेफ्लॉन. ते फार तापले की त्याचा धूर माणसाला तापासारखा आजार आणतो, आणि बंद घरात पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात. पंख्याचे प्लास्टिकचे आवरण वितळून ओघळले होते, खालचा सनमायका भाजला होता. शिपायांचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरत होते. आणि त्याच टेबलावर, दोन वितींवर, चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे ठेवलेले होते.

अहवालात मी लिहिले, 'तांत्रिक बिघाडामुळे मशीन नादुरुस्त.' ते शब्द चुकीचे नव्हते, पण खरेही नव्हते. मशीनला बिघाड ओळखता येत होता. मी त्याच्या तोंडाला पट्टी बांधली होती.

आता हे ओळखणे चालते कसे ते सांगतो, कारण त्यात एक मौज आहे.

थर्मिस्टर म्हणजे तापेल तसा ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा मण्याएवढा तुकडा. खोलीच्या तापमानाला १ लाख ओहम, २०० अंशांला जेमतेम काही शे. आता त्याची तार तुटली तर रोध अनंत होतो, म्हणजे फर्मवेअरला वाटते की शून्याखालची कडाक्याची थंडी आहे. भोळे फर्मवेअर म्हणेल, अरे बापरे, तापवा! म्हणून नियम असा की तापमान एका किमान आकड्याच्या खाली दिसले, बहुधा ५ अंश, तर तापवायचे नाही, थांबायचे. जानेवारीत कोणी गच्चीवरच्या खोलीत पहाटे मशीन लावले तर बिघाड नसतानाही हा नियम आडवा येईल, तेव्हा घाबरू नका, खोलीत ऊब करा. उलट तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, म्हणजे प्रचंड उष्णता दिसते. त्यासाठी कमाल आकडा असतो, अनेक मशीनांत २७५.

हे दोन्ही सोपे खोटेपणे. अशक्य आकडा आला की कोणीही ओळखेल. अवघड आहे तो पटण्याजोगा खोटा आकडा. निसटलेला थर्मिस्टर १४० सांगतो. १४० मध्ये चूक काय आहे? काहीच नाही. नुसत्या आकड्याकडे पाहून हे खोटे कधीच पकडता येणार नाही.

म्हणून फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी दुसरी युक्ती केली. आकडा खरा की खोटा हे विचारायचेच नाही. विचारायचे ते हे की मी जे करतो आहे त्याचा परिणाम दिसतो आहे का? मी हीटरला पूर्ण वीज देतो आहे. मग तापमान वाढायला हवे. मी वापरत होतो त्या मार्लिनमध्ये तोटीसाठी नियम होता, २० सेकंदांत २ अंश. नाही वाढले तर एकतर हीटर मेला आहे, किंवा थर्मिस्टर निसटला आहे. कोणते ते मला कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. दोन्हींत उत्तर एकच, बंद करा.

हा झाला तापत असतानाचा पहारा. एकदा २०० गाठले की दुसरा पहारा सुरू होतो. तापमान ठरलेल्या आकड्यापेक्षा ४ अंशांहून खाली गेले आणि सलग ४० सेकंद खालीच राहिले, तर बंद. माझ्या त्या एप्रिलच्या दुपारी ही ओळ जागी असती तर नळी जळण्याच्या पुष्कळ आधी मशीन थांबले असते. कदाचित मार्चमध्येच एक-दोनदा थांबले असते, आणि मी वैतागून स्क्रू तपासला असता.

क्लिपर नावाचे दुसरे एक फर्मवेअर आहे. त्याची रीत मला जास्त आवडते, ती वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी आहे. ५ अंशांपर्यंतची तूट माफ. त्यापुढची तूट दर सेकंदाला खात्यावर चढते. बेरीज १२० झाली की दुकान बंद. म्हणजे तापमान १० अंश कमी असेल तर सेकंदाला ५ चढतात आणि २४ सेकंदांत खाते भरते. ३५ अंश कमी असेल तर सेकंदाला ३०, म्हणजे चारच सेकंद. छोट्या चुकीला सवड, मोठ्या चुकीला नाही. आणि तापमान परत आले की खाते कोरे.

हे आकडे कोण ठरवतो? तिथेच खरी कसरत आहे. पहारा फार कडक ठेवला तर पंख्याची झुळूक लागली, दार उघडले, की मशीन थांबते. सहा तासांचे काम पाचव्या तासाला वाया जाते. असे तीनदा झाले की माणूस काय करतो? मी केले तेच. फार ढिला ठेवला तर बिघाड कळेपर्यंत नळी जळालेली असते. म्हणून फुकट ओरडणारा पहारेकरी हाही धोकाच, कारण त्याला घरी पाठवले जाते. मार्लिनच्या सुरुवातीच्या प्रतींत हे रक्षण आपण होऊन चालू करावे लागे, पुढे ते मुळातच चालू ठेवण्यात आले. तरी स्वस्त मशीने बनवणाऱ्या काहींनी ते बंद ठेवूनच माल विकला. तेव्हा मशीन नवे आहे म्हणून ते चालू असेलच असे धरून चालू नका.

बिघाड ओळखल्यावर बंद करण्याचीही रीत असते. फक्त बिघडलेला हीटर नव्हे, सगळे हीटर बंद करायचे. मग मोटारी. आणि पडद्यावर कारण लिहून तिथेच बसून राहायचे. थोड्या वेळाने पुन्हा करून पाहू, हे चालत नाही. माणूस येऊन बटण दाबेपर्यंत नाही. आणखी एक पेच आहे, फर्मवेअरच गोठले तर? संगणक अडकतो तसे. त्या वेळी हीटर चालू असेल तर चालूच राहणार. त्यासाठी चिपमध्ये वॉचडॉग नावाचे एक वेगळे घड्याळ असते. प्रोग्रामने त्याला दर थोड्या वेळाने 'मी जागा आहे' असे कळवायचे. काही सेकंद कळवले नाही तर ते चिपला नव्याने सुरू करते, आणि नव्याने सुरू होताना हीटर बंद असतात.

इथवर ऐकून मागच्या रांगेतले आमचे मित्र म्हणत असतील, काका, एवढे सगळे आहे, मग किल्ली का दिली नाही?

आता त्यावर येतो. फर्मवेअर हीटरला वीज देते ते स्वतः नाही, मॉसफेट नावाच्या एका इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत. तो स्विच जळतो तेव्हा पुष्कळदा चालू अवस्थेतच चिकटून बसतो. अशा वेळी फर्मवेअरला तापमान चढताना दिसते, कमाल आकडा ओलांडला हे कळते, ते सगळे बंद करा असा हुकूम देते, पडद्यावर अक्षरे उमटतात, आणि हीटर तापतच राहतो. कारण हुकूम ऐकणाराच मेलेला. पहारेकरी ओरडतो आहे आणि दाराची कडी तुटली आहे. अशा वेळी कोणीतरी जाऊन भिंतीवरचे बटण बंद करावे लागते. आमच्या शिपायांनी केले ते.

घरातला कुकर पाहा. वाफ वाढली की शिट्टी होते. पण शिट्टीच्या तोंडाशी भाताचा कण अडकला तर? म्हणून झाकणावर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याचा शिट्टीशी काही संबंध नाही, तो स्वतःच्या हिमतीवर वितळतो नाहीतर उडतो. गिझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय वेगळा कटआउट असतो. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरमधून कागद गरम बाहेर येतो ना, तिथेही आत शाई भाजणारा फ्यूजर असतो, २०० अंशांच्या आसपासचा. एचपीच्या लेझरजेटवर पन्नासने सुरू होणारी फ्यूजर एरर ज्यांनी पाहिली असेल त्यांनी फर्मवेअरचा हाच पहारा पाहिला आहे. पण त्या फ्यूजरच्या विजेच्या वाटेतच एक वेगळा तापाने तुटणारा कटआउट बसवलेला असतो. त्याला प्रोग्राम लागत नाही. आपल्या मंडळाच्या थ्रीडी प्रिंटरमध्ये असे काही नव्हते. म्हणून किल्ली दिली नाही.

आता बसवले आहे. मुलांनीच बसवले, मी फक्त शेजारी उभा होतो. बेडच्या खाली थर्मल फ्यूज लावला, आणि मुख्य विजेच्या वाटेत एक रिले, म्हणजे फर्मवेअरने हाय खाल्ली तर मॉसफेट नव्हे, अख्खा वीजपुरवठाच तुटतो. मशीन कापडाच्या टेबलावरून काढून फरशीवर ठेवले. थर्माकोल आणि पडदे दूर. वर धुराचा अलार्म, बॅटरीवरचा. आणि एवढे करूनही प्रभावळीचे शेवटचे नऊ तुकडे दिवसाच छापले, पाळी लावून, कोणीतरी जवळ बसून. मुलांनी दोन रविवार दिले. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेनऊला शेवटचा तुकडा निघाला. उशीर झाला, पण झाले.

ज्यांच्या घरी मुलांनी असे मशीन आणले आहे त्या पालकांना एक काम सांगतो. मुलाला विचारू नका की सेफ्टी चालू आहे का. तो हो म्हणेल, त्याला तसे वाटतही असेल. मलाही कोणी विचारले असते तर मी हो म्हटले असते. त्याला करून दाखवायला सांगा. मशीन बंद करून, प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर तोटीच्या हीटरची तार बोर्डापासून सोडवायची. थर्मिस्टरला हात लावायचा नाही. मग मशीन सुरू करून २०० अंश मागायचे. हीटर जोडलेला नाही, म्हणजे तापमान वाढणार नाही. फर्मवेअरने हे ओळखून थांबले पाहिजे. दोन मिनिटे झाली तरी मशीन वाट पाहत बसले असेल, तर त्या मशीनला पहारेकरी नाही.

मंडळाचे मशीन मी आज इथे आणले आहे, या बाजूच्या टेबलावर. हीटरची तार दुपारीच काढून ठेवली आहे. पडद्यावर आता २९ अंश दिसत आहेत. पुढे येऊन पाहिलेत तरी चालेल, लहान मुलांना जरा पुढे बसू द्या. मी २०० अंश मागतो आहे. ज्यांच्या हातात मोबाइल आहेत त्यांनी घड्याळ लावा आणि मोठ्याने सेकंद मोजा.